अ‍ॅल ग्रीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ पारखायची कृती

या, बसा. हेडफोन असतील तर जवळ ओढून घ्या. अ‍ॅल ग्रीन मोठा गायक आहे की नाही, हा प्रश्न आज आपल्यासमोर नाही. तो केव्हाच सुटलेला आहे. आपल्याला पारखायचा आहे तो संग्रह. कोणती गाणी उचलली, ती कोणत्या क्रमाने लावली, कोणतं रेकॉर्डिंग घेतलं आणि दाराबाहेर काय ठेवलं, एवढंच बघायचं. सोल संगीतातल्या कुठल्याही दिग्गजाचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ याच रीतीने पारखता येतो. सरावासाठी मी हाय रेकॉर्ड्सने १९७५ मध्ये काढलेला अ‍ॅल ग्रीनचा संग्रह निवडलाय, कारण तो आटोपशीर आहे आणि एका बैठकीत पूर्ण ऐकून होतो.

पायऱ्या दिल्यात त्याच क्रमाने करा. पुढची पायरी आधी केलीत तर कानांवर दुसऱ्याचं मत बसतं आणि मग ते उतरत नाही.

काय लागेल: संग्रह (रेकॉर्ड, सीडी किंवा फोनवरचं अ‍ॅप, काहीही चालेल), बरे हेडफोन किंवा दोन स्पीकर, एक वही, पेन्सिल आणि लागोपाठच्या दोन मोकळ्या संध्याकाळी.

पहिली संध्याकाळ

१. आवृत्ती नक्की करा. १९७५ च्या मूळ रेकॉर्डवर दहा गाणी आहेत, प्रत्येक बाजूला पाच. पुढे सीडीच्या काळात याच नावाने गाणी वाढवलेली आवृत्तीही निघाली. आपल्याला मूळ दहाच हवीत. तुमच्याकडे वाढवलेली आवृत्ती असेल तर दुसऱ्या पायरीतल्या यादीप्रमाणे तेवढीच दहा गाणी निवडून घ्या. एखादं नसेल तर ते त्याच्या मूळ आल्बममधून आणा. *सावधान:* शोधायला गेलात की ‘बेस्ट ऑफ’, ‘व्हेरी बेस्ट’, ‘हिट्स’ अशी डझनभर भावंडं पुढ्यात येतात. मुखपृष्ठावर भुलू नका, यादी जुळवा.

२. यादी वहीत उतरवून काढा. पहिली बाजू: ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’, ‘कॉल मी’, ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’, ‘हिअर आय अ‍ॅम’, ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’. दुसरी बाजू: ‘लेट्स स्टे टुगेदर’, ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’, ‘यू ऑट टू बी विथ मी’, ‘लुक व्हॉट यू डन फॉर मी’, ‘लेट्स गेट मॅरीड’. *सावधान:* प्रत्येक नावाखाली चार ओळी मोकळ्या सोडा. नंतर समासात कोंबून लिहिलेलं तुमचं तुम्हालाच वाचता येत नाही.

३. रेकॉर्डिंग अस्सल आहे का, ते तपासा. गाण्याच्या नावापुढे किंवा खालच्या बारीक अक्षरांत ‘री-रेकॉर्डेड’, ‘न्यू रेकॉर्डिंग’, ‘लाइव्ह’ असं काही आहे का, बघा. ही पायरी कंटाळवाणी वाटेल, पण सोल संगीतात तिच्यावाचून चालत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी गायकांनी आपली गाजलेली गाणी पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली, आणि ती स्वस्तातल्या संग्रहांत मूळ नावानेच विकली गेली. आवाज त्याच माणसाचा असतो, वादक निराळे असतात, खोली निराळी असते आणि गाण्यातला जीव निघून गेलेला असतो. शंका आली तर मूळ आल्बममधलं तेच गाणं लावा आणि पहिली दहा सेकंद शेजारी शेजारी ऐकून बघा. ढोलांचा आवाजच चुगली करतो. *सावधान:* रेकॉर्डिंग नव्याने केलेलं निघालं तर पुढे जाऊच नका. तो संग्रह तिथेच नापास.

४. शफल बंद करा. *सावधान:* काही अ‍ॅप एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळतात. ती सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर दोन गाण्यांमधली शांतता हरवते आणि ती आपल्याला उद्या लागणार आहे.

५. आवाजाची पातळी एकदाच ठरवा. ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’ची सुरुवातीची गिटार लावा आणि शेजारी कोणी बोललं तर ऐकू येईल एवढ्यावर थांबा. *सावधान:* मध्येच वाढवू नका. मोठा केलेला आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो, आणि मग तुम्ही गाण्याला नव्हे, बटणाला गुण देता.

६. फोन उलटा ठेवा आणि कुणाचंही परीक्षण वाचू नका.

७. पहिली बाजू सलग ऐका. पेन्सिल खाली ठेवा, नुसतं ऐका. पाय हलत असतील तर हलू द्या. *सावधान:* पाचवं गाणं बाकीच्यांच्या जवळजवळ दुप्पट लांबीचं आहे, सहा मिनिटांहून जास्त. इथे उठून चहा टाकायची इच्छा होते. उठू नका; अर्धा निकाल याच गाण्यात दडलेला आहे.

८. आता उठा, चहा घ्या. रेकॉर्ड उलटायला जेवढा वेळ लागायचा त्याहून थोडा जास्त घ्या. *सावधान:* या वेळात दुसरं कुठलंही गाणं कानावर पडू देऊ नका, टीव्हीसुद्धा नको.

९. दुसरी बाजू सलग ऐका. ‘लेट्स स्टे टुगेदर’ने तिची सुरुवात होते, आणि हे गाणं बहुतेकांनी आधी कुठेतरी ऐकलेलं असतं. *सावधान:* ओळखीच्या गाण्याला लगेच मान डोलते. तो आनंद घ्या, पण त्याला गुण समजू नका.

१०. वही बंद ठेवूनच, एका कोऱ्या कागदावर आठवतील ती गाणी लिहा. नाव आठवलं नाही तर ‘ते संथ, ऑर्गनवालं’ एवढंही पुरे. *सावधान:* यादीत डोकावू नका. जे आठवलं नाही तीच आजची सगळ्यात मोलाची नोंद आहे. दहापैकी आठ आठवली तर निवड पक्की आहे. पाचच आठवली तर गाणी एकमेकांसारखी वाटताहेत, आणि का, ते उद्या कळेल.

११. कागद वहीत ठेवा आणि झोपा.

दुसरी संध्याकाळ

१२. फक्त ठेका ऐका. पहिल्या बाजूची पहिली चार गाणी लावा आणि गायकाकडे साफ दुर्लक्ष करा. ढोल कुठे पडतोय, बास कुठे चालतोय, एवढंच पकडा. मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत विली मिचेल या निर्मात्याने हे सगळं घडवलं. गिटारवर टीनी हॉजेस, बासवर लिरॉय हॉजेस, ऑर्गनवर चार्ल्स हॉजेस असे तीन सख्खे भाऊ, आणि ढोलांवर कधी हॉवर्ड ग्राइम्स, तर कधी अल जॅक्सन ज्युनिअर. मांडी ठोकत ऐका. ठोका किंचित मागे रेलून पडतो, लय मात्र तसूभरही ढळत नाही. गाणं घाईत कधीच नसतं आणि रेंगाळतही नाही. काल जी गाणी सारखी वाटली, त्यांचं कारण हेच आहे: तेच वादक, तीच खोली, तोच निर्माता. हा दोष आहे की गुण, ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर हा या संग्रहाचा सगळ्यात मोठा गुण आहे. निरनिराळ्या वर्षांची गाणी शेजारी ठेवूनही ती एकाच दमात गायल्यासारखी ऐकू येतात, आणि असं फार थोड्या संग्रहांत घडतं. *सावधान:* फोनच्या स्पीकरवर ही पायरी करू नका. तिथे बास जवळजवळ नसतोच.

१३. आता फक्त गळा ऐका. ‘लेट्स स्टे टुगेदर’ पुन्हा लावा. स्वर कुठे पूर्ण सोडलाय, कुठे अर्ध्यावर ठेवलाय, कुठे शब्द टाकून नुसता हुंकार दिलाय, यांच्या खुणा वहीत करा. ग्रीन जोर लावत नाही. आवाज चढवायची जागा आली की तो उलट पातळ होतो, वरच्या सप्तकात निसटतो आणि परत येऊन शब्दावर अलगद टेकतो. एखाद्या हरकतीला आपल्याकडे जशी ‘क्या बात है’ निघते, तशी दाद तुमच्या तोंडून निघाली तर तिथे चांदणी काढा. *सावधान:* शब्दांचा अर्थ लावत बसू नका. या गाण्यांचे शब्द साधे आहेत. गाणं शब्दांच्या मधल्या जागांमध्ये आहे.

१४. सांधे तपासा. प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंद आणि पुढच्याची पहिली वीस सेकंद ऐका. दहा गाण्यांचे नऊ सांधे, त्यातला एक बाजू उलटण्याचा. प्रत्येकापुढे ‘जुळला’ किंवा ‘खटकला’ लिहा. पहिल्या बाजूचा शेवट इथे पुन्हा बघा: ‘हिअर आय अ‍ॅम’च्या ब्रासनंतर ‘ब्रोकन हार्ट’चा संथपणा येतो, आणि त्यानंतर बाजूच संपते. त्या गाण्यानंतर लगेच दुसरं काहीही ऐकवलं नसतं, आणि ज्याने क्रम लावला त्याला ते कळलं होतं. दुसऱ्या बाजूला ‘लेट्स स्टे टुगेदर’च्या मखमलीवर ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’चा खरखरीत गळा येऊन आदळतो. मला हा धक्का आवडतो. तुम्हाला खटकला तर तसं लिहा. *सावधान:* अ‍ॅपवर सांधे नीट ऐकायचे तर गाणं सरकवून शेवटाकडे न्या. ‘पुढचं गाणं’चं बटण दाबलंत की सांधाच उडतो.

एक जोडणी लक्षात असू द्या, दुसऱ्या कलाकारांचे संग्रह पारखताना कामी येईल. मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१ च्या आल्बममध्ये गाणी एकातून दुसऱ्यात वाहत जातात. त्यातलं गाणं उचलून संग्रहात ठेवलं की त्याच्या दोन्ही कडा कापाव्या लागतात. अशा गायकाच्या संग्रहात ही पायरी दोनदा करा.

१५. दुसऱ्यांकडून घेतलेली गाणी वेगळी काढा. दहात अशी दोन आहेत. ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’ मुळात टेम्प्टेशन्सचं, १९६९ चं. ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’ बी जीजचं, १९७१ चं. दोन्ही मुळात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली. *सावधान:* मूळ गाणी अजून लावू नका. ती पुढच्या पायरीला.

१६. मूळ गाणं आणि ग्रीनचं गाणं एकापाठोपाठ ऐका, आधी मूळ. टेम्प्टेशन्सचं गाणं पाच गायकांत वाटलेलं आणि धावतं आहे. ग्रीनने तेच एकट्याच्या खांद्यावर घेतलं आणि लय खाली आणून त्याचा ब्लूज केला. बी जीजचं गाणं नीटनेटकं आणि चार मिनिटांच्या आत संपणारं आहे. ग्रीन ते उकलत नेतो आणि शेवटी शेवटी तर एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो. प्रत्येक जोडीपुढे एकच वाक्य लिहा: ‘याने गाण्यात काय बदललं?’ उत्तर सापडलं तर संग्रहात त्या गाण्याची जागा पक्की. *सावधान:* कोणतं ‘चांगलं’ ते लिहू नका. तो वाद रात्रभर चालतो आणि संग्रहाबद्दल काहीच सांगत नाही.

१७. गाणी सालाप्रमाणे लावून पुन्हा ऐका. संग्रहाचा क्रम सालवार नाही, म्हणून ही पायरी. ‘ब्रोकन हार्ट’ बाजूला ठेवा आणि बाकीची नऊ अशी लावा: ‘आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू’ १९७०, ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’ आणि ‘लेट्स स्टे टुगेदर’ १९७१, ‘लुक व्हॉट यू डन फॉर मी’, ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’ आणि ‘यू ऑट टू बी विथ मी’ १९७२, ‘कॉल मी’ आणि ‘हिअर आय अ‍ॅम’ १९७३, ‘लेट्स गेट मॅरीड’ १९७४. आता काय घडतं बघा. पहिल्या गाण्यात ओरडणारा गळा दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यापर्यंत कुजबुजायला शिकतो आणि मग ती कुजबुज सोडतच नाही. *सावधान:* सालवार क्रम जास्त आवडला म्हणून संग्रहाचे गुण कापू नका. संग्रहाने इतिहास सांगायचं कबूल केलेलं नव्हतं. त्याने हिट गाणी द्यायचं कबूल केलं होतं.

१८. म्हणून आता ते कबूल केलेलं तपासा: ‘हिट’ हा शब्द खरा आहे का? बिलबोर्डची ‘हॉट १००’ यादी हे त्याचं सोपं माप. ‘लेट्स स्टे टुगेदर’ १९७२ मध्ये तिथे पहिल्या क्रमांकावर होतं. ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’ आणि ‘यू ऑट टू बी विथ मी’ तिसऱ्यावर, ‘लुक व्हॉट यू डन फॉर मी’ चौथ्यावर, ‘कॉल मी’ आणि ‘हिअर आय अ‍ॅम’ दहाव्यावर, ‘टायर्ड ऑफ बीइंग अलोन’ अकराव्यावर. सात गाणी निर्विवाद. ‘ब्रोकन हार्ट’ मात्र ग्रीनच्या आवाजात त्या यादीत कधीच नव्हतं. ते काटेकोर अर्थाने हिट नाही, तरी त्याची निवड या संग्रहातली सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात बरोबर निवड आहे असं माझं ठाम मत आहे. *सावधान:* क्रमांक म्हणजे गुण नव्हेत. ते फक्त मुखपृष्ठावरच्या शब्दाचा खरेखोटेपणा सांगतात.

१९. गाणी कुठल्या आल्बममधून आली ते मोजा. ‘अ‍ॅल ग्रीन गेट्स नेक्स्ट टू यू’मधून दोन, ‘लेट्स स्टे टुगेदर’मधून दोन, ‘आय अ‍ॅम स्टिल इन लव्ह विथ यू’मधून दोन, ‘कॉल मी’मधून तीन, ‘लिव्हिंग फॉर यू’मधून एक. पाच आल्बम, वाटणी समतोल. *सावधान:* शून्य कुणाला मिळालं तेही लिहा. १९७४ चा ‘अ‍ॅल ग्रीन एक्सप्लोअर्स युअर माइंड’ तोवर बाजारात आलेला होता, पण त्यातलं एकही गाणं इथे नाही.

२०. बाहेर राहिलेली गाणी ऐका, आणि ही पायरी सावकाश करा. आधी ‘लव्ह अँड हॅपिनेस’. ते १९७२ च्या आल्बमवर होतं, पण अमेरिकेत सिंगल म्हणून १९७७ मध्ये आलं, म्हणून १९७५ च्या मूळ दहांत नाही. मग ‘शा-ला-ला’, १९७४ चं, हॉट १०० मध्ये सातव्यापर्यंत गेलेलं. याला वगळायला तर यादीचंही कारण देता येत नाही. मग ‘टेक मी टू द रिव्हर’. मग ‘सिंप्ली ब्युटिफुल’, जिथे तो जवळजवळ श्वासावर गातो. शेवटी ‘जीझस इज वेटिंग’. हे शेवटचं ऐकलंत की कळेल, संग्रहातून एक अख्खा माणूस बाहेर राहिलाय: प्रियकर आत आला, प्रार्थना करणारा दाराबाहेर थांबला. *सावधान:* संग्रह निघाला त्यानंतरच्या गाण्यांसाठी त्याला दोष देऊ नका. आधी मुखपृष्ठावरचं साल बघा. ‘हिस्टरी ऑफ ओटिस रेडिंग’मध्ये ‘डॉक ऑफ द बे’ नाही, याचं कारण साधं आहे: तो संग्रह नोव्हेंबर १९६७ चा आहे आणि ते गाणं नंतर बाजारात आलं. स्टीव्ही वंडरच्या १९८२ च्या ‘ओरिजिनल म्युझिक्वेरियम’मध्ये साठच्या दशकातलं काहीच नाही, कारण तो संग्रह १९७२ पासूनच सुरू होतो.

२१. एक गाणं काढा. फक्त एक. मी ‘लेट्स गेट मॅरीड’ काढेन. त्याच आल्बमचं ‘लिव्हिंग फॉर यू’ हे गाणं यादीतही त्याच्या वर गेलं होतं. *सावधान:* काढलेल्या गाण्याचं कारण एका ओळीत लिहिता आलं नाही तर ते परत ठेवा.

२२. त्याच्या जागी एक गाणं घाला आणि ती बाजू पुन्हा सलग ऐका. मी ‘लव्ह अँड हॅपिनेस’ घातलं, तर दुसऱ्या बाजूचा शेवट एकदम उभा राहिला. *सावधान:* नवं गाणं चांगलं असून सांधा मोडत असेल तर जागा बदलून बघा, गाणं नव्हे.

२३. निकाल तीन वाक्यांत लिहा. पहिल्यात काय जमलंय, दुसऱ्यात काय राहिलंय, तिसऱ्यात हा संग्रह कुणाला द्यावा. नमुना म्हणून माझा: ‘एका खोलीतला, एका मेळाचा, चार वर्षांचा आवाज दहा गाण्यांत इतका अखंड क्वचितच मिळतो. ‘लव्ह अँड हॅपिनेस’ नाही आणि भक्तीची बाजू नाही, ही खरी उणीव. अ‍ॅल ग्रीन कधीच न ऐकलेल्या माणसाला डोळे मिटून द्यावा.’ *सावधान:* ‘अप्रतिम’, ‘अविस्मरणीय’, ‘जादुई’ हे शब्द आले तर खोडा आणि त्यांच्या जागी एखाद्या गाण्यातलं नेमकं ठिकाण लिहा.

२४. आता परीक्षणं वाचा. *सावधान:* पटलं नाही तरी तुमची तीन वाक्यं लगेच बदलू नका. आधी ज्या गाण्यावरून मतभेद आहे ते पुन्हा लावा.

२५. ‘कॉल मी’ हा १९७३ चा आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. नऊ गाणी आहेत, त्यातली तीन तुमच्या ओळखीची झाली आहेत. ती आपल्या मूळ शेजाऱ्यांमध्ये कशी ऐकू येतात आणि संग्रहात कशी ऐकू येत होती, ते वहीत त्यांच्याखाली सोडलेल्या ओळींत लिहा. *सावधान:* ओळखीची म्हणून ती तीन गाणी ओलांडून जाऊ नका. हँक विल्यम्सचं ‘आय अ‍ॅम सो लोनसम आय कुड क्राय’ ग्रीन इथे गातो, आणि त्याच्या आधी काय वाजलं होतं यावर ते कसं लागतं हे अवलंबून आहे.